माहेर तुटल्यावर बाळंतपण कोण करणार?

मुलीनं जातीबाहेर लग्न करायचं ठरवलं, की बहुतेक मराठी घरांत शेवटचं वाक्य एकच निघतं : ‘पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.’ त्याआधी समजावणं होतं, रडारड होते, फोन काढून घेतला जातो, मामाच्या गावी पाठवणी होते, घाईघाईनं दुसरं स्थळ बघितलं जातं, कुठे कुठे हातही उचलला जातो. या सगळ्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं, कारण त्या पायरीच्या आत मुलीचं पुढचं निम्मं आयुष्य ठेवलेलं असतं. पहिलं बाळंतपण. भाड्याच्या खोलीची अनामत. अडीनडीला हातउसने पैसे. नोकरीसाठी काकांनी कुणाला तरी केलेला फोन. दवाखान्यात रात्री उशाशी बसणारं माणूस. नवऱ्याशी नाहीच पटलं, तर परत येऊन पाठ टेकायला जागा.

आपल्याकडे हे सगळं नात्यातून मिळतं आणि नाती जातीत जुळतात. म्हणून माझं म्हणणं असं, की जातीतल्या तिरस्काराबद्दल आपण जेवढं बोलतो तेवढंच जातीतून मिळणाऱ्या आधाराबद्दल बोलायला हवं. मुलामुलींना जातीत बांधून ठेवणारी दोरी मोठ्या प्रमाणात याच आधाराची आहे. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांचे सत्कार करून ती सुटणार नाही. त्यांना जे गमवावं लागतं ते दुसरीकडून उभं करावं लागेल, आणि ते काम तपशिलाचं आहे.

डॉ. आंबेडकरांनी 1936 साली स्पष्ट मांडलं होतं, की सहभोजनानं जात जाणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. कायद्यानं ती वाट मोकळी होऊनही आता बराच काळ लोटला. हिंदूंमधल्या आंतरजातीय विवाहांना वैध ठरवणारा कायदा 1949 चा, विशेष विवाह कायदा 1954 चा, हिंदू विवाह कायदा 1955 चा. तरीही 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपासच आढळलं. त्याच सर्वेक्षणात चारातल्या एकाहून अधिक कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळतो हे स्वतःहून सांगितलं. विवाहविषयक जाहिरातींत ‘आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व’ ही ओळ वर्षानुवर्षं छापून येते. ती छापणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि ती वाचणाऱ्या दलित-आदिवासी मुलामुलींना आपली जागा रोज नव्यानं कळते.

आता लग्न करायचंच ठरलं तर काय करावं लागतं ते पाहू. अडचणींची सुरुवात तिथेच होते.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील, तर जात कोणतीही असो, हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतं. नोटिशीची गरज नाही, थांबायची गरज नाही. दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हायला हवा. मग नमुना ‘ड’ भरून, तीन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, 90 दिवसांच्या आत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करायची. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे स्टँप पेपरवर नोटरीकडून ‘लग्न’ करून घेणं. त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. दुसरी चूक म्हणजे विधी न करता एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन थेट नोंदणी करणं. विधीच झाला नसेल तर केवळ नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. पुढे पोटगीचा किंवा वारसाहक्काचा प्रश्न आला, की याची झळ बाईला बसते. म्हणून विधीचे फोटो काढावेत, विधी करणाऱ्या गुरुजींची किंवा भंतेजींची सही घ्यावी, साक्षीदारांचे पत्ते नीट लिहावेत. ज्यांना भटजी नको, त्यांच्यासाठी जोतीरावांनी 1873 मध्येच सत्यशोधक पद्धतीचं लग्न लावून दाखवलं. तेव्हाच्या मद्रास राज्यानं 1967 च्या दुरुस्तीनं भटजीविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कलम दिलं. सत्यशोधक विवाहाला तसं स्वतंत्र कलम महाराष्ट्रानं कधीच करून घ्यायला हवं होतं.

धर्म वेगळे असतील, किंवा धार्मिक विधी अजिबात नको असेल, तर विशेष विवाह कायदा. खरा घोळ इथे आहे.

दोघांपैकी एकानं ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य केलं आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. तीत दोघांची नावं, वय, व्यवसाय, आधीचं लग्न झालं होतं का, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता, किती दिवसांपासून राहता, हे सगळं लिहायचं. ही नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते. नोटीसवही कुणीही फुकट चाळू शकतं. आणि मुलामुलीचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे बीडहून जीव मुठीत धरून पुण्यात आलेल्या मुलीचा पुण्यातला पत्ता बीडच्या सरकारी फलकावर लागतो. तालुक्याच्या ठिकाणी अशा कार्यालयांत कामासाठी गावातले लोक रोज येत-जात असतात. एकानं मोबाइलमध्ये फोटो काढला, की संध्याकाळपर्यंत तो भावकीच्या गटात फिरतो. त्यानंतर 30 दिवस थांबायचं. 31व्या दिवसापासून लग्न लागू शकतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लागलं नाही तर सगळं पहिल्यापासून. आक्षेप आला तर अधिकाऱ्याला चौकशीसाठी आणखी 30 दिवस.

आक्षेपाची कारणं कायद्यात ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं (मुलगी 18, मुलगा 21), निषिद्ध नातं असणं, संमती देण्याच्या मानसिक स्थितीत नसणं. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण त्यात नाही. पण महिनाभराचा वेळ आणि पत्ता हातात मिळाल्यावर कायदेशीर आक्षेप घेण्याची गरजच कुणाला उरत नाही. कारण नसताना दुष्टबुद्धीनं आक्षेप घेणाऱ्याला द्यावी लागू शकणारी भरपाई 1954 पासून जास्तीत जास्त 1000 रुपये आहे. भावकीच्या इरेला पेटलेल्या घराला एवढ्यानं काय आवर बसणार?

नोटिशीच्या बाजूनं एक मुद्दा नेहमी मांडला जातो : यामुळे फसवणूक टळते, आधी लग्न झालेला पुरुष उघडा पडतो. मुद्दा खोटा नाही, पण तो एवढा मोलाचा असता तर हिंदू विवाह कायद्यातही नोटीस असती. तिथे ती नाही. एकाच जातीतली हजारो लग्नं रोज विनानोटीस लागतात आणि त्यातही फसवणूक होते. द्विभार्या हा गुन्हा आहेच, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शपथपत्र घ्यावं, कागदपत्रं तपासावीत, आधीच्या लग्नांच्या नोंदी सरकारनं स्वतः पडताळून पाहाव्यात. यातल्या कशासाठीही मुलीचा पत्ता भिंतीवर लावायची गरज नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. संसदेनं हे कलमच दुरुस्त करायला हवं, आणि तोवर राज्यानं निदान पत्ता झाकून नोटीस लावण्याचा आग्रह केंद्राकडे धरायला हवा.

कागदपत्रांची गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण पळून गेलेल्या अनेक जोडप्यांचं अडतं ते इथेच. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, जातीचा दाखला हे सगळं आईच्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत असतं, आणि संशय आला की पहिली ती पिशवी हलवली जाते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डावर विसंबू नये. दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मनोंदणीचा उतारा लागतो. शाळेतून दाखल्याची दुय्यम प्रत मिळते, मंडळाकडून गुणपत्रिकेची मिळते, जन्माचा उतारा ग्रामपंचायत किंवा पालिका देते. या तिन्हींना वेळ लागतो, म्हणून ते काम आधी करायचं. 30 दिवसांच्या वास्तव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि लग्न न झालेल्या, आडनावं वेगळी असलेल्या दोघांना खोली द्यायला घरमालक तयार नसतो. जोडप्याला मदत करायची इच्छा असलेल्या कुणालाही करता येण्यासारखं पहिलं काम हेच आहे : दोन महिन्यांसाठी आपल्या नावावरची एक खोली, रीतसर करार करून.

घर सोडल्यावर काही तासांतच मुलगी हरवल्याची तक्रार दाखल होते. कधी तिच्यावर दागिने चोरल्याचा आरोप येतो, कधी तिचं वय कमी दाखवून मुलावर अपहरणाचा गुन्हा लावला जातो. त्यावर उपाय ठरलेला आहे. मुलीनं स्वतःच्या हस्ताक्षरात, ‘मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं आहे, सोबत काही मौल्यवान नेलेलं नाही’ असं पत्र वयाच्या पुराव्यासह आपल्या गावच्या आणि सध्या राहते तिथल्या, अशा दोन्ही पोलीस ठाण्यांना आणि पोलीस अधीक्षकांना त्याच दिवशी पाठवायचं. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीनं, पोच जपून ठेवून. पोलीस ‘फक्त जबाब द्यायला या’ म्हणून गावच्या ठाण्यात बोलावतात. तिथे आवारात आधीच चाळीस माणसं जमलेली असतात, आई पाय धरून बसलेली असते, आणि मुलगी घरी परत जाते ती कायद्यानं नव्हे, त्या गर्दीनं. कर्नाटकातल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये तपास अधिकाऱ्याचे कान उपटले होते : जबाब नोंदवायला मुलीकडे जायला हवं होतं, तिला गावी बोलावून धमकवायचं काय कारण? जवळच्या ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब देण्याची मागणी करायची. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, 15100 हा त्यांचा क्रमांक. जिवाला धोका असेल तर 112.

27 मार्च 2018 ला शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांची निवड केल्यावर कुटुंबाची, भावकीची किंवा जातीची संमती आवश्यक नाही. त्याबरोबर आदेशही दिले : प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, 24 तास मदतवाहिनी, जिल्हा मुख्यालयी सुरक्षित निवारा, तिथे नाममात्र शुल्कात आधी महिनाभर आणि गरज पडल्यास महिन्या-महिन्यानं वाढवत वर्षभर राहण्याची सोय. महाराष्ट्राच्या गृह विभागानं यासाठीची कार्यपद्धती काढली ती डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे जवळपास पावणेसात वर्षांनी. या दिरंगाईचा दोष कुणा एका पक्षाचा नाही, मधल्या काळात सरकारं बदलली आणि एकालाही हे तातडीचं वाटलं नाही.

याउलट डिसेंबर 2022 मध्ये राज्यानं आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांसाठी एक समन्वय समिती तातडीनं नेमली, आणि काही दिवसांतच तिच्या कक्षेतून आंतरजातीय विवाह वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवले. घरापासून तुटलेल्या मुलींची माहिती घेणं, त्यांचा कुटुंबाशी संवाद घडवणं हे तिचं काम. मुलगी माहेरापासून तुटते ही चिंता अगदी रास्त आहे, हा सगळा लेख त्याच चिंतेवर उभा आहे. पण ज्या घरापासून तिनं पत्ता लपवला त्याच घराच्या बाजूनं सरकार तिचा माग काढायला निघालं, तर तिला मदत मागायला कुठलंच दार उरत नाही. तिनं हाक मारल्यावर धावून जाण्याची यंत्रणा उभी करावी, तिच्या नकळत तिची यादी करू नये.

जिवावर बेतलेल्या घटना महाराष्ट्रात कमी नाहीत. एप्रिल 2014 मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात एका सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाचा, सवर्ण मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून, खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्यातही आधाराचाच प्रश्न आहे. ज्या गावात रोजगार, पाणी, किराणा उधारी सगळं एका जातीच्या हातात असतं, तिथे न्यायालयात खरं बोलण्याची किंमत साक्षीदाराला दुसऱ्या दिवसापासून मोजावी लागते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तसा कायदा करणारं हे पहिलं राज्य, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण तक्रार करणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात पीठ आणि रोजगार कुठून येणार, याची तरतूद कुणीतरी करायला हवी.

लग्न लागतं, पोलीस शांत होतात, आणि बातमी संपते. खरी परीक्षा साधारण वर्षभरानं येते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरी जाणं, सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, रात्री रडणारं मूल घेऊन फेऱ्या मारणारी आजी. यातला दवाखान्याचा खर्च सरकारनं बऱ्याच अंशी उचललेला आहे. 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधं, आहार, ने-आण मोफत आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून 5000 रुपये मिळतात. माणूस मात्र कुठल्याच योजनेतून मिळत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत, आणि इतर बायकांचा विचार करता ते समजण्यासारखं आहे. प्रत्येक खाटेजवळ एक बाई लागते : आई, सासू, बहीण, जाऊ, कुणीतरी. कागद घेऊन धावणं, रक्त आणणं, बाळाला पहिल्यांदा छातीशी धरायला मदत करणं, टाके पडलेल्या बाईला संडासला नेणं ही सगळी कामं त्या बाईची. दोन परिचारिका आणि भरलेला वॉर्ड, त्यांच्याकडून हे होत नाही. माहेर तुटलेल्या आणि सासरनंही न स्वीकारलेल्या मुलीच्या खाटेजवळ कुणीच नसतं. नवरा दाराबाहेर उभा. तो बाहेरून पाठवतो ते जेवण शेजारच्या खाटेवरच्या बाईची आई हातात आणून देते. अशा वेळी त्या मुलीला आईची आठवण येते, आणि ‘चुकलंच आपलं’ असं वाटायला लागतं. तिची निवड चुकलेली नसते. तिच्याजवळ थांबायला कुणी नाही, हे चुकलेलं असतं.

यावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. एका तालुक्यात सात-आठ बायकांनी मिळून पाळी लावली तर एका बाळंतिणीला रुग्णालयातले तीन-चार दिवस आणि घरचे पहिले पंधरा दिवस सांभाळता येतात. सामान्य बाळंतपणात सर्वांत जपायचे पहिले दोन दिवस : अंगावरून जास्त जाणं, ताप येणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळानं दूध न ओढणं ही लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टर. पहिल्याच वेळची आई हे सगळं ‘असंच असतं’ म्हणून अंगावर काढते, कारण विचारायला कुणी नसतं. जाणत्या बाईचं शेजारी असणं म्हणून मोलाचं. घरी आल्यावर आशाताई ठरावीक दिवशी भेटी देतातच. त्यांना आधीच सांगून ठेवायचं, की या घरात मोठी बाई नाही, एखादी फेरी जास्त करा. बचत गट, महिला मंडळं, निवृत्त परिचारिका यांना हे सहज जमेल.

आंतरजातीय लग्न झालं म्हणजे घरातली जात गेली असंही समजू नये. दलित मुलगी सवर्ण घरात सून म्हणून आली, की पुष्कळ ठिकाणी तिला जात लपवायला लावतात. ‘पाहुण्यांपुढे आडनाव सांगू नको’, ‘14 एप्रिलला माहेरी जायचं तर कामाला जाते म्हणून सांग’. नाव बदललं जातं, जेवणातलं सुकट-बोंबील बंद होतं, देवघराकडे जाताना सासूचा चेहरा बदलतो. उलट बाजूनं सवर्ण मुलगी दलित घरात आली, तर तिच्या माहेरचे बाळ बघायला येतात आणि पाणी न पिता जातात. अशा घरात प्रेम टिकवायचं तर नवऱ्याला आपल्या आईसमोर तोंड उघडावं लागतं. बाहेर जगाशी भांडलेला मुलगा घरात आईपुढे गप्प राहतो, आणि बायकोला ‘जरा जमवून घे’ म्हणतो. या जागी अनेक लग्नं मोडतात, आणि मग ‘बघा, आंतरजातीय लग्न टिकत नाही’ म्हणायला सगळे मोकळे.

समेट झालाच तर तो कोणत्या अटीवर होतो हेही पाहिलं पाहिजे. चार-पाच वर्षांनी नातवंडाच्या निमित्तानं माहेरचं दार उघडतं आणि महिनाभरात भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो. जमिनीवरची सही हा प्रेमाचा पुरावा मानला जातो. मुलीनं जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न केलं म्हणून वडिलोपार्जित मिळकतीतला तिचा वाटा जात नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं तो मुलाइतकाच आहे. सही करायची असेल तर समजून-उमजून करावी, भावनेच्या भरात तलाठ्यासमोर नाही. आणि गंमत अशी नव्हे, वेदना अशी, की पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला, आई अंथरुणाला खिळली, की अनेक घरांत शुश्रूषेला याच मुलीला बोलावलं जातं. ती जातेही.

मुलांच्या दाखल्याचा प्रश्न आणखी वेगळा. आई अनुसूचित जातीची, वडील सवर्ण, आणि वडील सोडून गेले किंवा मूल आईच्याच वस्तीत वाढलं, तर त्याला आईची जात लागू होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात मान्य केलं. पण जात पडताळणी समितीपुढे पुरावे मागितले जातात ते वडिलांकडचे : अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. एकट्या आईला मुलाचं संगोपन आपल्या समाजात झाल्याचे पुरावे गोळा करावे लागतात : अंगणवाडीची नोंद, शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, रेशनकार्ड, शेजाऱ्यांची शपथपत्रं. हे पहिल्या दिवसापासून जपून ठेवायचे कागद आहेत, बारावीच्या सुट्टीत शोधायचे नाहीत.

‘आम्ही तिच्या काळजीपोटीच विरोध करतो’, असं आईवडील म्हणतात, आणि अनेकदा ते मनापासून म्हणतात. एकविसाव्या वर्षी केलेली निवड चुकू शकते. मुलगा दारू पिणारा निघू शकतो, मारणारा निघू शकतो. पण तसं झालं तर ज्या मुलीला माहेरचं दार बंद आहे ती मार खात तिथेच राहते, कारण जायला जागा नाही आणि ‘आम्ही सांगितलं होतं’ हे ऐकायची हिंमत नाही. ठरवून केलेल्या लग्नात नवरा वाईट निघाला तर आपण मुलीला घरी आणतो, वकील करतो, सोनं परत मागतो. निवड तिची होती म्हणून तेवढी काळजी काढून घ्यायची असेल, तर ती काळजी मुलीची नव्हती, जातीची होती. ज्या पालकांना लग्न पसंत नाही त्यांनी लग्नाला जाऊ नये, हरकत नाही. फोन चालू ठेवावा.

राज्याची आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजना 50,000 रुपयांची आहे. 2010 पूर्वी ती 15,000 ची होती, त्यानंतर रक्कम वाढलेली नाही. ज्या जोडप्यात निदान एकजण अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातला आहे त्यांनाच ती मिळते, धर्म वेगळा असेल तर बहुतेकदा नाही. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे : विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे जातीचे आणि शाळा सोडल्याचे दाखले, प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रं, संयुक्त बँक खातं. पैसे येतात ते निधी आल्यावर, कधी वर्ष उलटल्यावर, जेव्हा निकडीचा काळ संपलेला असतो. ही रक्कम वाढवायला हवी, हे खरंच. त्याहून निकडीचं म्हणजे तिची वेळ बदलायला हवी. लग्नाची नोंद झाल्यापासून आठ दिवसांत खोलीच्या अनामतीपुरता हप्ता, गरोदरपणाची नोंद झाल्यावर दुसरा, आणि बाळंतपणात महिनाभर सोबत राहणाऱ्या बाईच्या मानधनापोटी तिसरा, असा क्रम ठरवला तर त्याच निधीत कितीतरी जास्त काम होईल. शिफारसपत्राची अट काढून टाकावी. घरातून तुटून आलेल्यांना प्रतिष्ठितांची ओळख कुठून असणार? आणि सुरक्षित निवाऱ्यातच समाजकल्याणचा अर्ज भरून घेतला जावा, म्हणजे त्या जोडप्याला पुन्हा आपल्या गावच्या तालुक्याला कागदासाठी जावं लागणार नाही.